खालून वर म्हणायची नदी

आमच्या घरात संध्याकाळी आधी बुद्धवंदना व्हायची आणि मग नदी. इतर मराठी घरांतली मुलं पाढे म्हणत असतील, परवचा म्हणत असतील. बर्मिंगहॅमच्या त्या अरुंद विटांच्या घरात राहुलदादा आणि मी स्वयंपाकघराच्या भिंतीपुढे हात बांधून उभे राहायचो आणि नॉर्वेतली एक नदी म्हणायचो. नामसेन तिचं नाव. ती म्हणायचीही उलटी, मुखापासून उगमाकडे. नामसोसला समुद्र. मग ओव्हरहालाची चिकणमातीची सपाट शेतं, जिथे कधीकधी अख्खा काठच घसरून पाण्यात जातो. मग ग्रोंग, तिथे सांडोला येऊन मिळते. मग फिस्कुमफोसचा धबधबा आणि त्याच्या कडेला माशांना वर चढता यावं म्हणून माणसांनी केलेल्या पायऱ्या. मग जंगल, आणखी जंगल, मग डोंगरातला मोठा तलाव, आणि तलावाच्या डोक्यावर ब्योर्गेफ्येलचे बर्फाचे डोंगर. एक नाव चुकलं की कानाखाली. दोन चुकली की पुन्हा समुद्रापासून सुरुवात, आणि कानाखाली वेगळी. बाबा म्हणायचे, "पाणी वरून खाली येतं, त्यात काय मोठं? सॅमन खालून वर जातो. आपण सॅमनसारखं म्हणायचं."

ती नदी मी आजतागायत पाहिलेली नाही. माझी नात तिच्या फोनवर ती मला वरून दाखवते, बोटांनी मोठी करून, लहान करून. "आज्जी, हे तर फक्त एक नदी आहे," ती म्हणते. मी तिला दुरुस्त करत नाही. मार खाऊन शिकलेल्या गोष्टी मार न देता कशा शिकवायच्या ते मला अजून कळलेलं नाही. नदी मात्र मला आजही येते. डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून पडले की माझं मन आपोआप नामसोसहून निघतं आणि ग्रोंगपर्यंत पोचेतो दात भरून झालेला असतो.

बाबांना ही नदी कारखान्यात सापडली. बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात मासेमारीचं सामान बनायचं, तिथे ते गळ तापवायच्या भट्टीवर होते. दिवसभर लाल झालेले गळ तेलात बुडवायचे. त्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला केस नव्हते, आणि अंगाला करपलेल्या तेलाचा वास यायचा, तो आंघोळीनेही जात नसे. पॅकिंगच्या खोलीत त्या नदीचा एक जुना मोठा नकाशा होता. खोली रंगवायला काढली तेव्हा तो कचऱ्यात निघाला. बाबांनी तो गुंडाळून बसमधून घरी आणला आणि आईने कॅलेंडर लावलं होतं त्या जागी ठोकला. मग लायब्ररीतून पुस्तकं आणायला सुरुवात झाली. बाबांचं इंग्रजी भट्टीवरचं, पण त्या पुस्तकांसाठी ते रात्र रात्र डिक्शनरी घेऊन बसले.

पुस्तकांतून त्यांना जे कळलं त्याने ते पेटले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले लॉर्ड बोटीत बसून त्या नदीवर जायला लागले. काठच्या जमीनवाल्यांनी नदीचे तुकडे त्यांना भाड्याने देऊन टाकले. लॉर्ड बोटीच्या मागच्या टोकाला घोंगडी पांघरून बसायचा. दोन गाववाले बोट या काठावरून त्या काठाला आणि त्या काठावरून या काठाला वल्हवत राहायचे, मागे गळ पाण्यात सोडलेले असायचे, आणि मासा आपण होऊन लागायचा. "वल्हवणार कोण, भिजणार कोण, आणि मासा मारला म्हणून नाव कुणाचं!" बाबा ताट बाजूला सारून सांगत. "आणि त्याच काठावर जन्मलेल्या गरिबाला तिथे गळ टाकायला बंदी. आता बोल, ओळखीचं वाटतं की नाही?"

ओळखीचं वाटायचं. आमचे आजोबा महाडच्या बाजूचे. सावित्रीच्या काठावर आमच्या लोकांचा पाणवठा सगळ्यांच्या खाली होता, म्हणजे सगळं गाव धुऊन उरलेलं पाणी आमचं. तरुणपणी आजोबा महाडच्या तळ्यावर सगळ्यांबरोबर पाणी प्यायला गेले. ओंजळभर पाणी प्यायले आणि परत येताना काठ्या खाऊन आले. त्यांच्या कपाळावर एक खोक होती. लहानपणी त्या खोकेत आपलं बोट बसायचं, असं बाबा सांगत. नॉर्वेतल्या कुठल्या शेतमजुरांसाठी बर्मिंगहॅममधला एक मराठी माणूस दात-ओठ का खातो, हे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना कळत नसे. मला कळायचं. म्हणूनच मला बाबांचा धड रागही करता येत नसे, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

कारण बाबा मारायचे. चपलेने, पट्ट्याने, हाताला येईल त्याने. दादाला जास्त, मला कमी, आणि आईला आमच्यासमोर नाही, पण घर इतकं लहान की समोर काय आणि मागे काय. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. संध्याकाळी येताना बाजारातून मिळेल तो मासा आणायची. कुठलाही मोठा, गुलाबी मासा तिच्या लेखी रावस होता. गावाहून आलेलं कोकम टाकून ती असं कालवण करायची की शेजारच्या घराच्या खिडक्या धाडधाड बंद व्हायच्या. मार बसला की ती आमच्या पाठीला खोबरेल लावायची आणि म्हणायची, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगायचं?" बाबांच्या बुटांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आमची बोलणी बंद व्हायची, आणि आई उगीचच नळ सोडायची.

आणि बाबांच्या याच हाताने आम्हाला वाचवलंही. डोकी भादरलेल्या गोऱ्या पोरांची एक टोळी तेव्हा आमच्या भागात फिरायची. एका रविवारी भरदुपारी त्यांनी आमच्या पुढच्या खिडकीतून वीट टाकली. आम्ही जेवत होतो. काच भातात पडली. बाबा उठले, कोळशाचं फावडं घेतलं आणि अनवाणी रस्त्यावर धावले. एकाचा गुडघा त्यांनी असा फोडला की तो पोरगा लहान बाळासारखा आईला हाका मारायला लागला. त्यानंतर आमच्या घराकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. मी दारात उभी राहून ते सगळं बघितलं. माझी छाती अभिमानाने फुगली होती. पण असा फुटलेला गुडघा पुढेमागे आपल्यापैकी कुणाचा तरी असणार हे मला तेव्हाच कळलं असावं.

तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता, मी चौदा. दादा उंच, हाडकुळा आणि हळू बोलणारा. डोकी भादरलेल्या गोऱ्यांना आम्ही सगळे घाबरायचो, आणि हा शहाणा डोकी भादरलेल्या दुसऱ्याच गोऱ्यांकडे जायला लागला. एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर काही इंग्रज तरुण बौद्ध झाले होते. ते शनिवारी ध्यानाला बसत. बाबांना आधी कौतुक वाटलं. कारखान्यात त्यांनी फोरमनला सांगितलंसुद्धा, की तुमची माणसं आता आमच्या पंगतीला येऊन बसलीत. ते कौतुक ज्या दिवशी संपलं त्या दिवशी आईने बांगड्याचं कालवण केलं होतं.

"आई, मला मासा नको. भात आणि डाळ दे फक्त," दादा म्हणाला.

"बरं नाही का तुला?"

"बरं आहे. पण ते किलिंग आहे ना. आपण रोज म्हणतो, पाणातिपाता वेरमणी. मग खातो कसं आपण?"

बाबांनी घास खाली ठेवला. "कुणी शिकवलं?"

"सेंटरवर. ते सगळे व्हेजिटेरियन आहेत. बाबा, मी तुम्हाला नाही सांगत. मी फक्त माझं सांगतो."

"गोऱ्यांनी शिकवलं," बाबा म्हणाले. आवाज अगदी खाली होता, आणि तोच धोक्याचा. "तुझ्या आजाला गावाने काय खायला दिलं माहिती आहे? मेलेलं ढोर. तेही ओढून न्यायचं, मग खायचं, आणि खाल्लं म्हणून परत बाटलेले. काय खायचं ते आधी गाव सांगणार. काय खायचं नाही ते आता हे गोरे सांगणार? आणि तेही आपल्याच बुद्धाच्या तोंडून? पाण्यातला मासा मी माझ्या मर्जीने खाणार. त्याच्यासाठी माझ्या बापाने डोकं फोडून घेतलं!"

"पण बाबा, इट्स स्टिल किलिंग," दादा म्हणाला.

ताट दादाच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर फुटलं. कालवण नकाशावरून ओघळत समुद्राकडे आलं. त्या रात्री दादाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि सकाळी तो परत डाळ-भातच जेवला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. तो ओरडला नाही, भांडला नाही, फक्त मासा खाल्ला नाही. बाबांना भांडणारा माणूस कळायचा. हा कसला प्रकार आहे ते त्यांना कळेना आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जाऊ लागली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरापुढे प्रश्न एकच होता: दादा या घरातून धडका बाहेर पडणार की मोडून.

तेवढ्यात फोरमनने बाबांना वाय नदीवरचा आपला एक दिवस दिला. वाय नदीवर सॅमन लागतो, पण काठाचा तुकडा न् तुकडा कुणाच्या तरी मालकीचा. फोरमनला दर वर्षी एका तुकड्यावर मासेमारीचा दिवस मिळायचा आणि त्या वर्षी त्याची कंबर धरली होती. बाबांनी महिनाभर पार्कात रॉड फिरवायचा सराव केला. गळाऐवजी दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधायचे, आणि बाकावरचे म्हातारे टाळ्या वाजवायचे. निघायच्या दिवशी त्यांनी लग्नाचा कोट आणि टाय घातला, खाली रबरी बूट. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी बांधून घेतली, दादासाठी वेगळी बटाट्याची भाजी. "आज तरी भांडू नका रे," ती दादाला म्हणाली. ती हे नेहमी दादालाच म्हणायची.

तोपर्यंतच्या आयुष्यात मी बाबांना इतकं सुखी कधी पाहिलेलं नव्हतं, हेही लिहायला हवं. गुडघाभर पाण्यात ते सकाळपासून उभे होते. कोटाची टोकं भिजली होती. मधूनच ते काठावर बसलेल्या आम्हाला ओरडून सांगत, पाणी कुठे खोल, कुठे दगडाआड मासा विसावत असेल. पलीकडच्या काठावरून जाणाऱ्या एका साहेबाने हॅटला हात लावला, तर बाबांनी रॉड सांभाळत टायची गाठ सारखी केली. आणि दुपारी मासा लागला. रॉड कमानीसारखा वाकला. बाबा नदीबरोबर खाली धावत गेले, परत वर आले, पडले, उठले, मराठीत शिव्या देत आणि हसत. शेवटी तो काठावरच्या गोट्यांवर आला तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. माझ्या हाताएवढा लांब, चकचकीत, आणि इतक्या ताकदीने आपटत होता की गोटे उडत होते.

"राहुल! इकडे ये!"

बाबांच्या हातात एक आखूड लाकडी दांडा होता, टोकात शिसं भरलेला. लागलेला मासा तडफडू नये म्हणून त्याने एका फटक्यात मारायचा असतो. इंग्रज त्या दांड्याला प्रीस्ट म्हणतात, शेवटचा संस्कार तोच करतो म्हणून. बाबांनी तो कारखान्यातल्या लेथवर स्वतः बनवला होता. तो त्यांनी दादापुढे धरला.

"डोळ्यांच्या मागे मार. एकदाच. तुझ्या हातून होऊ दे."

"नाही बाबा."

"अरे, तडफडतोय तो. मार."

"तुम्ही मारा. मी नाही मारणार."

"तूच मारणार," बाबा म्हणाले. "आज तूच मारणार."

दादा खाली वाकला. मला वाटलं, मारतोय. त्याने दोन्ही हात माशाखाली घातले आणि तो उचलून पाण्याकडे वळला. बाबांनी दांडा टाकला आणि मागून त्याची मान धरली. मासा सुटून परत गोट्यांवर पडला. दादा तोंडावर पाण्यात पडला आणि बाबा त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसले. "सोडायचंय ना तुला? जा! जा त्याच्याबरोबर! जा!" प्रत्येक जा बरोबर ते दादाचं डोकं खाली दाबत होते. दादाचे हात पाण्यावर आपटत होते. पाणी जेमतेम वीतभर होतं, पण माणूस बुडायला तेवढं पुरतं.

"अहो, सोडा! मरेल तो! अहो!" आई कोट धरून ओढत होती. बाबांनी मागे न बघता कोपर मारलं. आई गोट्यांवर पडली आणि तिच्या ओठातून रक्त आलं. दादाचे हात आपटायचे थांबले.

मी दांडा उचलला. मला भीती वाटली नाही, रडू आलं नाही, मी कसलाही विचार केला नाही. ज्या हाताने ते दाबत होते त्या हाताच्या खांद्यावर मी दोन्ही हातांनी, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून मारलं. सुका बोंबील मोडावा तसा आवाज झाला. बाबा कुशीवर कलंडले. मला त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि आजही नाही. लोकांना वाटतं, म्हातारपणी तो यावा. येत नाही.

दादाला मी केसांना धरून वर ओढलं. तो बराच वेळ खोकत, ओकत राहिला. बाबा पाण्यात बसून होते, खांदा धरून, तोंड पांढरंफटक. त्या सगळ्यात मासा आमच्यामागे गोट्यांवर हळूहळू मरत होता. त्याला आता उडायचीही ताकद नव्हती, फक्त कल्ले उघडत होते आणि मिटत होते. दादा रांगत त्याच्याकडे गेला. त्याने तो उचलला, पाण्यात नेला, आणि कल्ल्यांत पाणी जावं म्हणून त्याचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत धरून बसला. दादाच्या मानेवर बोटांचे लाल ठसे उमटले होते. पुष्कळ वेळाने त्याने हात सोडले. मासा उलटला, पांढरं पोट वर करून वाहत गेला. तो कुणाच्या पोटात गेला नाही आणि जगलाही नाही. बाबा आणि दादा दोघंही तो वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत होते.

हॉस्पिटलपर्यंत गाडी दादाने चालवली. त्याच्याकडे शिकाऊ लायसन्स होतं. पाण्याने निथळत तो चालवत होता, शेजारी बाबा कोटाच्या बाहीत हात अडकवून बसले होते आणि फक्त एकदा म्हणाले, "थर्डमध्ये टाक." मागे आई माझा हात धरून बसली होती. हेरफर्ड जवळ आलं तशी ती ओठावरचा रुमाल काढून म्हणाली, "नीट ऐका. बाबा दगडावरून पाय घसरून पडले. मीपण पडले. सगळ्यांनी हेच सांगायचं. नाहीतर हे लोक पोलीस बोलावतील, तुम्हाला कौन्सिलचे लोक घेऊन जातील, घर मोडेल. कळलं का?" मी मान हलवली. "राहुल, कळलं ना बाळा?" दादाने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि गियर बदलला.

तिथल्या हॉस्पिटलात एक वयस्क नर्स आली. तिने बाबांचा कोट कात्रीने कापून काढला. लग्नाचा कोट. काय झालं, असं तिने विचारलं. "घसरलो," बाबा इंग्रजीत म्हणाले. "दगड. व्हेरी स्लिपरी." आईने लगेच री ओढली, "येस, येस, स्लिपरी." नर्सने आईच्या ओठाकडे बघितलं. मग दादाच्या मानेकडे बघितलं, आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

"आणि तू रे?" तिने विचारलं. "तूही घसरलास का?"

आईची नखं माझ्या हातात रुतली. दादा उभा होता, बुटातलं पाणी फरशीवर पसरत होतं. तो थंडीने कुडकुडत होता, त्यामुळे एकेक शब्द सुटा आला.

"नाही," तो म्हणाला. "त्यांनी माझं डोकं पाण्याखाली धरलं होतं. त्यांनी थांबावं म्हणून माझ्या बहिणीने त्यांना मारलं."

आईच्या तोंडून एक बारीक आवाज आला. नर्स बाबांकडे वळली. "हे खरं आहे का?" आता नाही म्हटलं की झालं. घाबरलेला पोरगा आहे, भलतंच बोलतो, असं म्हटलं की झालं. भट्टीवरच्या कष्टाळू, टाय घातलेल्या माणसावर कुणीही विश्वास ठेवला असता. बाबांनी दादाकडे बघितलं. इतकं निरखून त्यांनी त्याच्याकडे कधी बघितलं होतं असं मला आठवत नाही. मी मनातल्या मनात दोघांच्या मधे उभी राहिले.

"माय सन," बाबा म्हणाले, आणि शेजारच्या बाकावरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "माय सन डझ नॉट टेल लाइज."

नर्सने हातातली कात्री ठेवली आणि ती फोन करायला आत गेली.